मार्गदर्शन कोठपर्यंत? भीमराव आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील बडोदा-प्रकरण

‘समुपदेशन’ आणि ‘व्यवसाय-मार्गदर्शन’ हे शब्द आपल्या वापरात अलीकडे आले. ज्या कार्यास हे शब्द आपण लावतो ते कार्य मात्र बरेच जुने आहे. गोविंदराव फुले यांनी आपल्या मुलाला प्राथमिक शिक्षणानंतर शाळेतून काढून शेतीकामास लाविले, ते एका कारकुनाच्या सल्ल्यावरून. मुलगा शिकला तर शेतीस निरुपयोगी होईल, असे त्याने गोविंदरावांच्या मनात भरविले होते. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. मार्गदर्शन उलट्या दिशेनेही होत असते, ही गोष्ट या प्रसंगावरून ध्यानात यावी. एका सल्ल्याने शाळा सुटली आणि दुसऱ्याने ती पुन्हा मिळाली. दोन्ही सल्ले मुलाला दिलेले नव्हते, त्याच्या बापाला दिलेले होते.

आपल्या पाळकांना व धर्मशिक्षकांना हा अनुभव नवा नाही. गरीब घरातील मुलाविषयी बोलावयाचे ते पुष्कळदा आईबापांशीच बोलावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच्या पुढचा आहे. मुलगा शाळेत गेला, शिकला, पदवीधर झाला, त्याला नोकरीचा हुकूमही मिळाला, तर मार्गदर्शकाचे काम संपले काय? या प्रश्नाचे उत्तर बडोद्यात १९१७ साली घडलेल्या एका घटनेत जितके स्पष्ट मिळते तितके ते अन्यत्र क्वचितच मिळेल. त्या घटनेत आपल्या समाजाचाही एक लहानसा, पण टाळता न येणारा भाग आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळील महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे घरात विद्येचा मान होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तेथे बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, आणि शिपाई नसला तर तहान तशीच राही. पाण्याची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. बडोद्यास ती पुन्हा येणार आहे.

पहिले मार्गदर्शक अर्थात रामजी सुभेदार हेच होत. मुंबईस परळच्या चाळीतील एकाच खोलीत संसार, झोपणे आणि अभ्यास ही सर्व व्हावयाची. मुलगा लवकर झोपे, त्याला पहाटे दोनच्या सुमारास उठवीत, आणि मग वडील आडवे होत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून घेऊन ते गहाण ठेवावे लागले, तेही त्यांनी केले. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकावयाचे होते, परंतु ते शिकविण्यास नकार मिळाला म्हणून फारशी घ्यावी लागली. विद्यार्थ्याची आवड, त्याची कुवत आणि त्याला प्रत्यक्ष मिळणारा विषय ही तीन निरनिराळी असतात, हे आजच्या मार्गदर्शकासही अनेकदा पाहावे लागते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या अभिनंदनाची सभा झाली. तीत कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुस्कर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि नामवंत ग्रंथकार. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा एकटा वाचीत बसतो, हे त्यांनी अगोदरच पाहिले होते. त्यांनी त्याची चौकशी केली, ओळख करून घेतली आणि पुस्तके देऊ केली. येथवर जे झाले ते पुष्कळ चांगले शिक्षक करतात. केळुस्करांचे वैशिष्ट्य पुढे दिसते. इंटर झाल्यावर पैशाअभावी भीमरावांचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. त्या वेळी अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्यास साहाय्य करण्याची तयारी सयाजीराव महाराजांनी जाहीरपणे दर्शविली होती. ही बातमी केळुस्करांनी भीमरावांच्या कानावर घातली असती आणि अर्ज कर म्हणून सांगितले असते, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी तेवढ्यावर न थांबता मुलाला बरोबर घेऊन महाराजांची भेट घडविली. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

माझ्या मते या सर्व हकीगतीत सर्वांत अनुकरणीय कृती हीच होय. माहिती सांगणे वेगळे आणि सोबत जाणे वेगळे. ज्याच्या घराण्यात कोणी कचेरीची पायरी चढलेले नाही त्याला दाराचा पत्ता पुरत नाही. दार उघडणाऱ्याशी काय बोलावयाचे, नाही म्हटले तर परत केव्हा यावयाचे, आणि ‘नाही’ हे खरे ‘नाही’ आहे की केवळ कारकुनाचा कंटाळा आहे, हे सांगणारा कोणीतरी शेजारी उभा असावा लागतो.

पदवीनंतर भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. रामजी सुभेदारांचा या बेतास विरोध होता. मुलाने त्या संस्थानात नोकरी करू नये, तेथे त्याचा निभाव लागणार नाही, असे त्यांना वाटत असे. लष्करात आयुष्य काढलेल्या या वृद्धाने जे ओळखले ते पुढे खरे ठरले. पण वडिलांचा सल्ला मोडून मुलगा गेला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार निवर्तले.

त्यानंतर परदेशी शिक्षणाची संधी आली. महाराजांनी भीमरावांना काय शिकणार आणि शिकून काय करणार असे दोन प्रश्न विचारले, अशी हकीगत चरित्रांतून सांगितली जाते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थव्यवहार शिकून आपल्या समाजाची स्थिती सुधारावी, असा उत्तराचा आशय होता. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करावयाची. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्यासारखा अध्यापक मिळाला. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली लंडनचे अर्थशास्त्र विद्यालय आणि ग्रेज इन येथे प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, आणि कराराप्रमाणे भीमराव बडोद्यास निघाले. तेव्हा त्यांचे वय २६ वर्षांचे होते.

येथपर्यंतचा वृत्तांत एखाद्या आदर्श योजनेसारखा दिसतो. होतकरू मुलगा हेरला गेला, त्याला पैसा मिळाला, विषय त्याच्या आवडीचा मिळाला, शिक्षण उत्तम झाले आणि शेवटी नोकरीही ठरलेली होती. बडोद्याच्या दरबारास शिक्षणाविषयी खरी आस्था होती यात शंका नाही. अंत्यजांसाठी स्वतंत्र शाळा तेथे १८८३ च्या सुमारास सुरू झाल्या होत्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू झाला. एवढ्या सर्व तरतुदींत एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. हा विद्वान अधिकारी बडोद्यास उतरल्यावर रात्री झोपणार कोठे, याची तजवीज झालेली नव्हती.

पुढची हकीगत खुद्द बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहून ठेवली. त्यांच्या निधनानंतर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती प्रसिद्ध केली. आपण अस्पृश्य आहोत याचा पाच वर्षांच्या परदेशवासात आपणास विसर पडला होता आणि स्टेशनावर उतरताच जावे कोठे हा प्रश्न उभा राहिला, असे ते सांगतात. हिंदू हॉटेलात जात विचारली जाईल, आणि खोटे नाव सांगितले तर पकडले जाण्याचे भय. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते गेले. तेथे पारशाखेरीज कोणास राहता येत नसे. पण मुक्कामास कोणीच नसल्याने रखवालदारास उत्पन्न हवे होते, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहून दिवसाला दीड रुपया द्यावयाचा असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली होती, बाहेरचा दिवाणखाना अडगळीने भरलेला होता. रात्री कंदिलाच्या उजेडात ते वाचीत बसत आणि वटवाघळे फिरत.

अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांना उमेदवार म्हणून नेमले होते. शिपाई कागद दुरून फेकीत आणि प्यावयाचे पाणी मिळत नसे, असे चरित्रकार नोंदवितात. साताऱ्याच्या शाळेतील शिपाई आणि बडोद्याच्या कचेरीतील शिपाई यांच्यामध्ये दोन विद्यापीठे होती, पण पाण्याच्या बाबतीत त्यांचा काही उपयोग झाला नाही. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला आणि निकाल कोणी दिला नाही. महाराजांची इच्छा आणि शिपायाचे वर्तन यांच्या मधल्या जागेत जी माणसे होती त्यांनी काही वाईट केले असे म्हणता येणार नाही. त्यांनी काहीच केले नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघाले असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले. धर्मशाळा विटाळली म्हणून धमक्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन गेले. आता आसरा शोधणे प्राप्त होते. एक हिंदू मित्र होते. त्यांना मनापासून वाईट वाटले, संतापही आला. पण आपल्या घरी तुम्ही राहिलात तर नोकर निघून जातील, असे त्यांच्या तोंडून गेले, आणि आंबेडकरांनी पुढे आग्रह धरला नाही.

उरले ते एक भारतीय ख्रिस्ती मित्र. त्यांनी पूर्वी एकदा आपल्या घरी राहण्यास बोलाविले होते, पण त्यांची राहणी आपल्याशी जुळणारी नाही म्हणून आंबेडकरांनी ते नाकारले होते. तरीही आता संकोच सोडून ते त्यांच्याकडे गेले. मित्र म्हणाले, पत्नी उद्या बडोद्यास येत आहे, तिला विचारावे लागेल. हे उत्तर किती धूर्तपणाचे होते ते आंबेडकरांना मागाहून कळले. पतिपत्नी दोघेही मूळ ब्राह्मण घराण्यातील होते. ख्रिस्ती झाल्यावर पतीचे विचार उदार झाले, पत्नी मात्र आचाराने जुन्या वळणाचीच राहिली होती, आणि अस्पृश्यास घरात ठेवण्यास ती कबूल झाली नसती.

दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास डॉ. आंबेडकरांनी कामाठी बागेत काढले आणि रात्री बडोदा सोडले.

आपल्या वाचकांना येथे थोडे थांबण्याची विनंती आहे. त्या गृहस्थांवर दोषारोप करणे सोपे आहे, आणि ते आपल्या समाजातील असल्याने त्यांची बाजू सावरण्याचा मोहही होईल. दोन्ही टाळून पाहिले तर एक गोष्ट दिसते. ते मित्र विचाराने खरोखर उदार होते, कारण आमंत्रण त्यांनी आपण होऊन दिले होते. परंतु आमंत्रण देणे हे त्यांच्या एकट्याच्या हातात होते, आणि घरात ठेवून घेणे तसे नव्हते. पतीचा बाप्तिस्मा आणि स्वयंपाकघराचा बाप्तिस्मा एकाच दिवशी होत नाही, याचा अनुभव मराठी मंडळ्यांत काम केलेल्या प्रत्येकास असेल. पंक्तीचे आणि सोयरिकीचे प्रश्न आपल्याकडे किती वर्षे मिटले नाहीत, आणि कोठे कोठे अजून मिटलेले नाहीत, हे येथे उगाळण्याचे कारण नाही.

बडोद्यानंतरची हकीगतही मार्गदर्शकाने माहीत करून घेण्याजोगी आहे. मुंबईस त्यांनी शेअर-व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तेथेही अध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत निघालीच. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःच्या शिलकीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या ५,००० रुपयांच्या कर्जावर. भथेना हे पारशी होते, ही गोष्टही बडोद्याच्या काठ्यांबरोबर नोंदली जावी.

शाहू महाराजांचे नाव आले म्हणून कोल्हापूरशी थोडी तुलना करतो. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली निघाले. २६ जुलै १९०२ च्या हुकुमान्वये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. पण हुकुमाने नोकरी मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही, हे शाहूंनी ओळखले होते. गंगाराम कांबळे या अस्पृश्य नोकरास पाण्याच्या हौदास शिवल्यावरून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले, आणि रथ थांबवून स्वतः तेथला चहा घेऊ लागले. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. बडोद्याचे महाराज विद्वत्तेत आणि दूरदृष्टीत कमी नव्हते, आणि आंबेडकरांचे शिक्षण त्यांच्यामुळे झाले हे ऋण मोठे आहे. तरी व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या पाठीशी पहिले काही महिने उभे राहावे लागते, ही जाण कोल्हापुरात अधिक होती असे माझे मत आहे.

मिशनांचा मार्ग याहून तिसराच होता. अहमदनगर, मिरज इत्यादी ठिकाणी बोर्डिंगे होती. मुलास प्रथम छप्पर आणि भाकरी मिळे, मग अक्षरे. अहमदनगरच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम, धातुकाम शिकविले जाई. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांच्या इस्पितळाच्या आश्रयाने वैद्यकीय मदतनीस तयार होत. शिक्षक, प्रचारक, कंपाउंडर, परिचारिका अशा वाटांनी शेकडो घरे वर आली, आणि त्यांतली पुष्कळ घरे या पत्रिकेच्या वाचकांचीच आहेत. परंतु मुलास काय व्हावयाचे आहे हा प्रश्न बोर्डिंगात क्वचितच विचारला गेला. मिशनला शिक्षक हवे असत तेव्हा शिक्षक निघत, सुतार हवे असत तेव्हा सुतार. बडोद्याने प्रश्न विचारला आणि निवाऱ्याचा विसर पडला. आपल्याकडे निवारा होता, प्रश्न राहून गेला.

बाबासाहेब पुढे स्वतः मार्गदर्शकाच्या जागी आले तेव्हा त्यांनी दोन्ही धडे मनात ठेविले असावेत, असे त्यांच्या कामाच्या क्रमावरून वाटते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने शाळेपूर्वी हाती घेतले ते वसतिगृह, १९२५ च्या आरंभी सोलापुरास. सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये आणि औद्योगिक व शेतकी शाळाही होत्या. १९२८ साली दलित वर्ग शिक्षण संस्था निघाली आणि ठाणे, नाशिक, धारवाड आदी ठिकाणी छात्रालये झाली. धारवाडचा उल्लेख बेळगाव भागातील वाचकांसाठी मुद्दाम करतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सादर केलेल्या निवेदनात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवारी द्यावी, अशी मागणी आहे. कोलंबियाचा पंडित छापखान्यातील उमेदवारीचा विचार करतो, हे लक्षणीय आहे. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या १९४४ पासून सुरू झाल्या. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवण्यात आले. १९५० साली तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबादेस महाविद्यालय निघाले, आणि तेथेही वसतिगृहाची सोय आली.

त्याच १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतरांस या यादीतून वगळले. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली समाविष्ट झाले, ख्रिस्ती राहिले. या प्रश्नाच्या पाहणीसाठी केंद्र सरकारने २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला. आपल्या मंडळीतील मुलास मार्गदर्शन करताना याचा अर्थ व्यवहारात असा होतो की, शेजारच्या घरातील त्याच्या चुलतभावास जो अर्ज लागू पडतो तो त्याला पडत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून धर्मांतरित झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो, अन्य राज्यांचे नियम निराळे आहेत. कोणता दाखला, कोणत्या कचेरीतून आणि कोणत्या मुदतीत, हे धर्मशिक्षकाने मामलेदार कचेरीत स्वतः जाऊन विचारून घ्यावे. मुलाला एकट्याला पाठवून त्याच्या जबाबावर विसंबू नये. केळुस्कर शिक्षक होते, दरबारी नव्हते, तरी ते महाराजांपुढे गेले. आणि मुलगा वडोदऱ्यास, इंदुरास वा हैदराबादेस शिकावयास किंवा नोकरीस निघाला असेल, तर तेथील पाळकास पत्र आधी गेले पाहिजे. त्या पत्रात गुणांची टक्केवारी नसली तरी चालेल, पण पहिल्या रात्रीचा मुक्काम कोणाच्या घरी हे नक्की असले पाहिजे. त्या घरच्या गृहिणीस विचारून ते ठरलेले असले पाहिजे.

कामाठी बाग आज सयाजी बाग या नावाने ओळखली जाते. डॉ. आंबेडकर जेथे बसले होते ती जागा संकल्पभूमी म्हणून मानली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात. त्या दिवशी आपण ज्यांच्या दारातून चार वाजता परतलो त्या ख्रिस्ती मित्राचे नाव बाबासाहेबांनी आपल्या हकीगतीत लिहिलेले नाही.